आजचा संदेश, उद्याचा क्वांटम संगणक

तुम्ही सिग्नलवर एखाद्याशी प्रथम संवाद सुरू करता, तेव्हा दोन्ही फोन एक सामाईक गुप्त किल्ली ठरवतात. ही किल्ली नेटवर्कवरून जात नाही. परस्परांच्या सार्वजनिक किल्ल्या वापरून दोघे ती स्वतंत्रपणे काढतात. सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली शोधणे आजच्या संगणकांना अशक्यप्राय आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक मात्र पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या रीतीने ती शोधू शकेल.

असा संगणक अजून नाही. मग घाई कशाला? कारण आजचे कूटबद्ध संदेश कोणीही साठवून ठेवू शकतो आणि वीस वर्षांनी उघडू शकतो. रुग्णाची माहिती किंवा पत्रकाराचा खबऱ्या तेव्हाही गुप्तच राहायला हवा.

म्हणून सिग्नलने सप्टेंबर २०२३ मध्ये पीक्यूएक्सडीएच ही पद्धत आणली. तिच्यात जुन्या एक्स२५५१९ च्या जोडीला कायबर-१०२४ आहे. दोन्हींची गुपिते मिसळून किल्ली बनते. ती मिळवायला दोन्ही फोडावी लागतात. ही खबरदारी का? २०२२ मध्ये साइक ही क्वांटमविरोधी म्हणवणारी पद्धत साध्या संगणकानेच मोडली होती. याची किंमत आकारात मोजावी लागते: एक्स२५५१९ ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइट, कायबर-१०२४ ची १,५६८.

लक्षात घ्या, पीक्यूएक्सडीएचमध्ये ओळख पटवण्याचे काम जुन्याच गणितावर चालते. विचार करा: साठवलेला संदेश नंतर उघडता येतो, पण झालेल्या संवादात तोतया म्हणून मागाहून शिरता येते का?