पंखा कुठे ओढतो, हे ज्याला ठाऊक

गेटवेवरून मांडव्याला किंवा घारापुरीला निघालेले प्रवासी सीगल पाहत असतात. लाँच चालवणाऱ्या सारंगाचं लक्ष मात्र तिच्या पिछाडीवर असतं, कारण बोट मोटारीसारखी तोंडाने वळत नाही. सुकाणू डावीकडे वळवलं की पिछाडी उजवीकडे फेकली जाते आणि मग कुठे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे येते.

खरं कसब दिसतं ते धक्क्याला लागताना. एका संध्याकाळी ओहोटी जोरात होती आणि आमची लाँच धक्क्याकडे तिरकी निघाली. नाळ आता दगडावर आदळते म्हणून पुढचे लोक उठून उभे राहिले. सारंगांनी सुकाणू मध्यावर आणलं, इंजिन रिव्हर्सला गेलं आणि पिछाडी आपसूक डावीकडे सरकत धक्क्याच्या टायरांना टेकली. ही किमया बोटीला ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याची. एकाच पंख्याच्या बहुतेक बोटींत तो मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. रिव्हर्समध्ये उलटा फिरताना पिछाडीला डावीकडे ओढतो. त्यात पंख्याचं पाणी तेव्हा सुकाणूवर न येता पुढे जातं, त्यामुळे सुकाणूचा उपयोग जवळपास संपतो. म्हणून जमेल तिथे सारंग डावी बाजूच धक्क्याला देतात.

काही जुन्या लाँचवर तर इंजिन सारंगाच्या हातात नसतंच. सारंग घंटी वाजवतात आणि खाली इंजिनाच्या धगीत बसलेला ड्रायव्हर गिअर टाकतो. बाहेरचं काही न दिसता अचूक वेळ साधणाऱ्या या माणसाकडे उतरताना कुणी वळूनही पाहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अनेक खासगी यॉटवर नाळेतल्या आडव्या नळीत छोटा पंखा असतो, तो बो थ्रस्टर. बटण दाबलं की नाळ बाजूला ढकलली जाते. तिथल्या एका खलाशाने सांगितलेला किस्सा: मालक स्वतः चालवत वेगात आले, बटण दाबून धरलं, नाळ काही हलेना. दोन-तीन नॉटच्या वर थ्रस्टरचा जोर ओसरतो, आणि तो वापरायचा तोही थोडा थोडा. इथे मोटर तापून बंदच पडली. खलाशाने पुढे होऊन डावं इंजिन पुढे, उजवं मागे टाकलं. यॉट जागच्या जागी उजवीकडे फिरली. त्यानंतर मालकांनी त्याच्याच हाताखाली सराव सुरू केला, थ्रस्टरला हात न लावता.