‘एक्स्पायर’ होणे म्हणजे नेमके काय?

वृत्तपत्राच्या कार्यालयात सायंकाळी निधनवार्तेसाठी येणाऱ्या दूरध्वनींत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘आमचे काका एक्स्पायर झाले, छोटीशी बातमी द्यायची होती.’ ‘वारले’ म्हणताना शहरी माणसाची जीभ अडखळते. ‘मेले’ हा शब्द तर आपण जनावरांसाठी आणि शिव्याशापांसाठीच राखून ठेवला आहे. अशा वेळी हे इंग्रजी क्रियापद मदतीला धावून येते. परक्या शब्दाला दुःखाची धार कमी असते, हेच त्याचे कारण असावे.

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे. दोन्ही मिळून श्वास बाहेर टाकणे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, तो ‘अखेरचा श्वास सोडणे’ हा अर्थ घेऊनच. इन्स्पायर, कॉन्स्पायर, रेस्पिरेशन, इतकेच काय, स्पिरिट ही सारी याच कुळातील भावंडे. कट करणारे ‘एकत्र श्वास घेतात’, ही कल्पना तर मोठी गमतीची! शरीरशास्त्राच्या पुस्तकांत आजही ‘एक्स्पिरेशन’ म्हणजे केवळ उच्छ्वास. त्या अर्थाने आपण सारे मिनिटाला बारा-पंधरा वेळा ‘एक्स्पायर’ होत असतो.

श्वास आणि जीव यांची ही सांगड आपल्याला अपरिचित नाही. ‘प्राण’ या शब्दात ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे आणि लॅटिनमधील ‘अॅनिमा’ हा शब्द त्याच्याच मूळ घराण्यातला. ‘प्राण सोडला’ आणि ‘एक्स्पायर झाला’ यांचा शब्दशः अर्थ जवळजवळ एकच निघतो. गंमत अशी, की मराठी बातमीदार ‘अखेरचा श्वास घेतला’ असे लिहितो, तर लॅटिन भाषिक तो सोडत असे.

मग हा शब्द कानाला खटकतो कशामुळे? इंग्रजीत येऊन शतक उलटण्याच्या आतच तो करार, कायदे आणि मुदतींना चिकटला. पुढे परवाने, पारपत्रे आणि औषधे त्याच्या कक्षेत आली. औषधाच्या वेष्टनावर मुदत संपण्याची तारीख छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे ‘एक्स्पायरी डेट’ हे शब्द घरातील लहान मुलालाही ठाऊक असतात. साहजिकच काकांचीही मुदत संपली, असा भलताच ध्वनी त्यातून उमटतो. आजच्या इंग्रजीत माणसाबद्दल हे क्रियापद जुन्या साहित्यात किंवा रुग्णालयाच्या नोंदींत आढळते. घरगुती बोलण्यात सहसा नाही. आपल्याकडे मात्र ते रुग्णालयाच्या कागदांवरून थेट दिवाणखान्यात आले असावे.

प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर प्रस्तुत प्रतिनिधी उभा असताना तरुण डॉक्टरांनी एका वृद्धेला सांगितले, ‘आजी, पेशंट एक्स्पायर झाले.’ आजींनी शांतपणे विचारले, ‘मग आता कुठलं औषध आणू?’ डॉक्टरांना पुढचे वाक्य सुचेना. अखेर परिचारिकेने आजींचा हात धरून ‘आजोबा गेले हो’ असे सांगितले. मृत्यूची वार्ता देताना आडवळणाचे शब्द टाळावेत, असे वैद्यकीय प्रशिक्षणात शिकविले जाते, ते यासाठीच.

अर्थात मृत्यूच्या शब्दांची अदलाबदल इंग्रजांनाही नवी नाही. ‘डाय’ हे त्यांचे रोजचे क्रियापदच बहुधा स्कँडिनेव्हियातून आलेल्यांच्या भाषेतले. त्यापूर्वी मरणे या अर्थी जे शब्द होते, त्यांतील एकाचे आजचे रूप ‘स्टार्व्ह’. चौदाव्या शतकातील कवी चॉसरच्या लेखनात ते सरसकट ‘मरणे’ या अर्थाने येते. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘श्टेर्बेन’ आजही मरण्यासाठीच वापरले जाते; इंग्रजीत मात्र ‘डाय’ने त्याची जागा बळकावली आणि त्याच्या वाट्याला फक्त उपासमार उरली. उत्तर इंग्लंडच्या बोलींत ते थंडीने गारठण्यासाठीही टिकून राहिले.

निधनवार्तेच्या दूरध्वनीवर आम्ही ‘एक्स्पायर’ ऐकतो, ‘निधन’ लिहितो आणि वय, पश्चात कोण, अंत्यविधी कुठे, हे विचारू लागतो. पलीकडचा माणूस उत्तरे देता देता मध्येच म्हणतो, ‘काका काल रात्री गेले हो.’