त्यात नवल ते काय!

एक साधं वाक्य घ्या : मंत्र्यांनी आरोप फेटाळले. इंग्रजी लेखक या वाक्याच्या तोंडाशी एखादा छोटा शब्द ठेवतो, आणि तो कोणता ठेवतो त्यावर वाचकाच्या मनातले मंत्री बदलतात. 'नॅचरली' ठेवला, तर मंत्री तुमच्याआमच्यासारखे होतात. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं. 'अंडरस्टँडेबली' ठेवला, तर लेखक उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. 'प्रेडिक्टेबली' म्हटलं की सुस्कारा ऐकू येतो : यांच्याकडून दुसरं काय व्हायचं! 'इनेव्हिटेबली' म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही, गाडं उतारालाच लागलेलं होतं. आणि 'अनसरप्रायझिंगली' म्हणणारा लेखक सांगतो : हे मला दिसत होतं आणि तुम्हालाही दिसत असणार. घटना एकच, आरोप तेच, फेटाळणंही तेच. पाचही शब्दांचा वरवरचा अर्थ 'यात नवल नाही' एवढाच. अनुवाद करताना मी या शब्दांपाशी दर वेळी थबकतो. सगळीकडे 'अपेक्षेप्रमाणे' लिहून पुढे जाता येतं, पण तसं केलं की त्या पाच वाक्यांतला माणूस हरवतो.

हे शब्द क्रियेला चिकटतच नाहीत, ही त्यांची पहिली गंमत. इंग्रजीत 'ती बोलली' या वाक्याच्या शेवटी 'नॅचरली' आला, तर ती कशी बोलली ते कळतं : कसलाही आव न आणता. तोच शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणला आणि त्याच्यामागे स्वल्पविराम दिला, तर तिच्या बोलण्याच्या ढंगाबद्दल काहीच कळत नाही. ती बोलणारच होती, हे लेखकाचं मत कळतं. एका स्वल्पविरामाने शब्द तिच्या ओठांवरून उठून लेखकाच्या ओठांवर जाऊन बसतो. मराठीत आपण हेच दोन शब्दांनी करतो. ती सहज बोलली. साहजिकच, ती बोलली.

इथे मला दर वेळी थक्क व्हायला होतं. 'नॅचरली'चं मूळ लॅटिनमधल्या जन्माला येण्याच्या क्रियापदात आहे; 'नेचर' म्हणजे जन्मतः लाभलेलं. आणि आपला 'सहज'? सह आणि ज, जन्माबरोबर आलेलं. जे बरोबर घेऊनच जन्माला आलो त्याचं नवल कसलं, हा विचार संस्कृतातही झाला आणि लॅटिनमध्येही. 'ऑफ कोर्स'चंही तसंच. 'कोर्स' लॅटिनमधल्या धावण्याच्या क्रियापदातून आलेला. शर्यतीचं मैदान म्हणजे कोर्स, आणि नदी वाहत जाते ती वाटही कोर्सच. जे वाहत्या धारेबरोबर आपसूक येतं ते 'ऑफ कोर्स'. आणि आपण काय म्हणतो? ते ओघानंच आलं!

हाच 'कोर्स' गोल्फच्या हिरवळीवर आणखी एक वाक्प्रचार देऊन गेला, 'पार फॉर द कोर्स'. लॅटिनमध्ये 'पार' म्हणजे बरोबरीचं, आणि गोल्फमध्ये पार म्हणजे कसलेल्या खेळाडूला जितके फटके लागावेत अशी अपेक्षा असते तितके फटके. खेळात पार ही चांगली गोष्ट. बोलण्यात मात्र गाडी पुन्हा उशिरा आली, कार्यालयात पुन्हा उद्या या म्हणाले, अशा वैतागालाच तो वाक्प्रचार लावतात.

'सरप्राइज' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्यात वरून येऊन धरणं आहे, झडप आहे. इंग्रजीत त्याचा सुरुवातीचा वापर लष्करी : बेसावध शत्रूवर घातलेला छापा. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. मग 'अनसरप्रायझिंग' म्हणजे काय, तर छापा पडला खरा, पण चौकीवरचे लोक जागे होते.

'वंडर' याहून जुना, थेट प्राचीन इंग्रजीतला. आणि 'नो वंडर' या दोन शब्दांपाशी मला सगळ्यांत जास्त रेंगाळावंसं वाटतं, कारण ते 'अनसरप्रायझिंगली'पेक्षा मुळातच वेगळं काम करतात. समजा, खोलीत कधीपासून गारवा जाणवतोय आणि कारण कळत नाहीये. मग पडद्यामागची उघडी खिडकी दिसते. इंग्रज म्हणतो 'नो वंडर!' आपण म्हणतो 'तरीच!' यात आधीपासून काही ठाऊक असल्याचा दावा नाही. कोडं होतं, कारण सापडलं, कोडं विरघळलं. याउलट 'शुअर इनफ' बघा. आभाळ भरून आलं होतं, मी छत्री घेतली, आणि 'शुअर इनफ', कोपऱ्यावर पोचेपर्यंत सरी आल्याच. हे आपलं 'वाटलंच होतं'. एकात कारण नंतर कळतं, दुसऱ्यात अंदाज आधी असतो.

न-कारावर न-कार रचण्याची इंग्रजीची हौसही जुनी आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 सालच्या 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या निबंधात 'नॉट अन-' अशा रचनेवर कडक टीका केली. ती सरसकट मान्य करावी असं मला वाटत नाही, कारण 'नवल नाही' यात 'ठाऊक होतं' यापेक्षा एक हळुवार छटा आहे. पण 'नॉट अनसरप्रायझिंगली' लिहिणारेही भेटतात. त्यांना म्हणायचं असतं नवल नाही, आणि न-कार मोजत गेलं तर निघतं की नवल आहे.

आता एक प्रश्न. ज्यात नवल नाही ते सांगायचं कशाला? क्लॉड शॅनन यांनी 1948 साली माहिती मोजण्याचं गणित मांडलं. त्यात एखादी गोष्ट घडण्याची शक्यता जितकी कमी, तितकी ती घडल्याच्या बातमीत माहिती जास्त. नाणं उडवून छापा आला की काटा, हे सांगितलं की एक बिट माहिती मिळते. जे घडणारच होतं ते घडलं असं सांगितलं, तर शून्य बिट. या हिशेबाने 'अनसरप्रायझिंगली'पुढचं वाक्य जवळजवळ रिकामं ठरायला हवं. तरी लेखक ते लिहितो, कारण घटनेबरोबर तो आणखी काही कळवत असतो : मी हे कशात बसवतो आणि तुम्ही कशात बसवावं. ती माहिती मंत्र्यांबद्दलची नसते. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी 2013 सालच्या एका पुस्तकात सुचवलं होतं की युक्तिवादात 'शुअरली' हा शब्द दिसला की मनात घंटी वाजू द्यावी, कारण जिथे पुरावा द्यायला हवा तिथेच तो शब्द अनेकदा येऊन बसलेला असतो. 'ऑफ कोर्स' आणि 'अनसरप्रायझिंगली' यांनाही ही घंटी लागू पडते.

आणि खरं आश्चर्य पुढे आहे. 'तरीच' आणि 'वाटलंच होतं' यांच्यामधली भिंत आपल्या स्मरणात टिकत नाही. 1972 साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि रशियाला जायच्या आधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना काही शक्यतांवर आकडे लिहायला सांगितले. निक्सन माओंना भेटतील का, अशा शक्यता. दौरे संपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा किती आकडा लिहिला होता ते आठवून सांगा. जे घडलं होतं त्याला आपण मुळातल्यापेक्षा मोठा आकडा दिला होता, असं त्यांना एकूणात आठवू लागलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. निकाल कळल्यावर आलेलं 'तरीच' मागे सरकून 'वाटलंच होतं' झालं होतं. आर्थर कॉनन डॉयल यांना ही गोष्ट प्रयोगाशिवायच दिसली होती. 1891 सालच्या 'द रेड-हेडेड लीग' या कथेत होम्स एका अनोळखी माणसाच्या अंगावरच्या खुणा वाचून तो चीनला जाऊन आल्याचं ओळखतो. माणूस अवाक होतो. होम्स गोंदणाचा रंग समजावून सांगतो, आणि तोच माणूस हसून म्हणतो, यात विशेष काहीच नव्हतं की. समजावून सांगण्यात चूकच होते, असं होम्सला वाटू लागतं.

पण या सगळ्याचा कळस केला समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिकांना प्रश्न विचारून केलेला प्रचंड अभ्यास 1949 साली 'द अमेरिकन सोल्जर' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यावरच्या लेखात लाझार्सफेल्ड यांनी काही निष्कर्ष मांडले. कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास अधिक झाला. शहरी मुलांपेक्षा खेड्यातली मुलं सैन्यात अधिक आनंदी राहिली. जर्मनीच्या शरणागतीनंतर होती त्यापेक्षा लढाई चालू असताना घरी परतण्याची ओढ जास्त होती. प्रत्येकाला पटेल असं कारणही त्यांनी जोडलं. वाचणारा मनात म्हणतो, ऑफ कोर्स. खेड्यातल्या मुलाला कष्टांची सवय असते, आणि जीव धोक्यात असताना घर आठवणारच. एवढ्यासाठी लाखो माणसांना प्रश्न कशाला विचारायचे?

मग लाझार्सफेल्ड सांगतात की यातलं एकही विधान खरं नाही. अभ्यासात निघालं होतं ते नेमकं उलटं. घरची ओढ वाढली ती लढाई थांबल्यावर, आणि सैन्यात अधिक आनंदी राहिली ती शहरातली मुलं. गर्दीत राहायची, रांगेत उभं राहायची, वरच्याचं ऐकायची सवय त्यांनाच असणार.

तरीच.