नोटीस मात्र तिच्याच नावे!

मुलाचं लग्न ठरलं की घराला एक खोली वाढवायचा विषय निघतोच. परवानगीचं काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “सगळेच बांधतात गं!”

पण मैत्रिणींनो, महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. त्या निमित्ताने का होईना, घर तिच्या नावावर होतं. आमच्या मंडळातल्या एका ताईंकडे गच्चीवर खोली चढवली. निर्णय यजमानांचा, नोटीस मात्र ताईंना! १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विनापरवाना बांधकामाची नोटीस मालकाला जाते.

“आपण घरपट्टी भरतो की!” ताई म्हणाल्या. पण घरपट्टीच्या पावतीने बांधकाम कायदेशीर होत नाही.

म्हणून गवंड्याला सांगण्याआधी मंजूर नकाशा आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड घेऊन आर्किटेक्टकडे जा. चटईक्षेत्र शिल्लक आहे का, शेजारच्या हद्दीपासून किती जागा मोकळी सोडायची, हे विचारा. मग पालिकेत रीतसर अर्ज करा.

खरेदीखतावर सही आपली असेल, तर नकाशाही आपणच बघायला हवा, नाही का?