तुकडा अनोळखी, ठसा ओळखीचा

समजा, तुम्ही हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात राहता. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाचा २ जीबीचा व्हिडिओ तुमच्याकडे आहे आणि तो २० घरांना हवा आहे. तुमच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट. एका घराला पाठवायला साधारण १३ मिनिटं, म्हणजे वीस घरांना जवळजवळ साडेचार तास. (१९८९ मध्ये याच शहरातल्या वाइकाटो विद्यापीठातून न्यूझीलंड इंटरनेटला जोडलं गेलं, तेव्हा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. त्या वेगाने एकच प्रत जायला १९ दिवस लागले असते!)

आता कॉलेजचे दिवस आठवा. परीक्षा तोंडावर आणि चांगल्या नोट्स एकाच मुलीकडे. प्रत्येकाने अख्खी वही मागण्याऐवजी एकेकाने वेगळं पान घेतलं आणि मग आपसांत देवाणघेवाण केली तर? बिटटोरंट नेमकं हेच करतं. फाइलचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला वेगळा तुकडा द्यायचा, पुढचं ते एकमेकांत बघून घेतात. जो तुकडा सगळ्यात कमी जणांकडे आहे तो आधी मागायचा, आणि जो आपल्याला देतो त्याला आपणही आधी द्यायचं. वीसही घरांचा वेग तुमच्याइतकाच असेल, तर आदर्श परिस्थितीत सगळ्यांकडे व्हिडिओ त्याच १३-१४ मिनिटांत पोहोचतो.

ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने हे सॉफ्टवेअर फेब्रुवारी २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘कोडकॉन’मध्ये दाखवलं. कोहेन आणि लेन सॅसामन यांनीच सुरू केलेली ही परिषद पीअर-टू-पीअर आणि सुरक्षेची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी होती. नियम साधा: नुसत्या कल्पना सांगू नका, चालणारा प्रोग्राम दाखवा, आणि तो लिहिणाऱ्यानेच दाखवा.

पण हे दोन विषय एकाच छताखाली का? कारण नोट्स देणारी मैत्रीण ओळखीची असते, इंटरनेटवरचा तुकडा मात्र कुणाकडूनही येतो. त्यात कुणी मुद्दाम फेरफार केली असेल तर?

यावरचा उपाय म्हणजे हॅश, तुकड्याचा अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. तुकडा कितीही मोठा असो, गणिती प्रक्रियेतून ठरावीक लांबीचा आकडा मिळतो. मूळ बिटटोरंटमध्ये तो १६० बिटांचा होता. तुकड्यातला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. टोरंट फाइलमध्ये सगळ्या तुकड्यांचे ठसे आधीच लिहिलेले असतात. आलेल्या तुकड्याचा ठसा जुळला तर ठेवायचा, नाही तर फेकून द्यायचा. पाठवणारा सज्जन आहे की लबाड, हे कळण्याची गरजच उरत नाही.

ठसेही म्हातारे होतात, बरं का. एसएचए-१ या त्या जुन्या पद्धतीत २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइल्स तयार करून दाखवल्या. बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हणूनच २५६ बिटांचा एसएचए-२५६ ठसा आहे.

पण खरी मेख पुढे आहे. ठशांची यादीच लबाडाकडून आली असेल, तर सगळं जुळूनही तुम्ही फसलेलेच! म्हणून तुकडे कुठूनही घ्या, ठसा मात्र खात्रीच्या, वेगळ्या वाटेने यायला हवा.

हे तुमच्या रोजच्या वापरातही आहे. व्हॉट्सॲपवर प्रत्येक संभाषणाचा ६० अंकी सुरक्षा कोड असतो. आईचा कोड बदलल्याची सूचना आली, तर बहुतेक वेळा तिने फोन बदललेला असतो. पण त्याच सुमारास ‘तातडीने पैसे पाठव’ असा मेसेज आला, तर त्याच चॅटवर ‘आई, तूच ना?’ असं विचारून काय उपयोग? सरळ तिच्या नेहमीच्या नंबरवर साधा फोन लावा. आईच्या आवाजाइतका खात्रीचा ठसा दुसरा कुठला?

अर्थात, हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते. तेव्हा पुढच्या भारतवारीत, समोरासमोर बसून, घरातल्यांपुरता एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा.