यंत्र आपले, किल्ली परक्याची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नियमित देखभाल थांबविली. २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली कचेऱ्या, शाळा आणि घरे यांतून चांगली रुळली होती. तिची जागा घेणाऱ्या ‘विंडोज ११’ला मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. साहजिकच, ज्यांच्यात काहीही बिघडलेले नाही असे असंख्य संगणक केवळ एका तारखेमुळे निकामी ठरू लागले. काही अटींवर सुरक्षा-दुरुस्त्यांना मुदतवाढ देण्यात आली हे खरे. पण मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे. नवे यंत्र घेण्याची ऐपत नसलेली शाळा, ग्रंथालय किंवा छोटा व्यावसायिक यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. जुन्या प्रणालीवर असुरक्षित अवस्थेत काम रेटणे ही एक, आणि लिनक्सकडे वळणे ही दुसरी.

दुसरी वाट मोहक आहे. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि कोणाच्या परवान्याची वाट पाहत नाही, असे सांगितले जाते. व ते खोटे नाही. परंतु प्रत्यक्ष बसवायला घेतल्यावर निराळाच अनुभव येऊ शकतो. वाय-फाय दिसत नाही, पडदा काळा राहतो, प्रिंटर मुका बसतो. एखादे पॅकेज चढवावे तर त्याला दुसरे हवे असते, दुसऱ्याला तिसरे. दोन रात्री जागविल्यानंतर उत्साह ओसरतो, आणि लिनक्स हे तज्ज्ञांचे काम, सामान्यांचे नव्हे, असा निष्कर्ष काढून यंत्र माळ्यावर टाकले जाते. हा निष्कर्ष समजण्यासारखा असला, तरी बरोबर नाही. या अडचणी कोठून उद्भवतात हे पाहिले, म्हणजे त्यांतील बहुतेकांचे मूळ प्रणालीच्या कच्चेपणात नसून ज्ञानाच्या मालकीत आहे, हे ध्यानात येते.

संगणकातील प्रत्येक चिपची स्वतःची भाषा असते. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि ती चिप यांच्यामध्ये जो दुभाषा बसतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाषा चिप बनविणारी कंपनी बहुधा स्वतःच लिहून देते, कारण तिचा माल तेथे खपतो. लिनक्ससाठी मात्र अनेक वर्षे हे काम त्रयस्थांना करावे लागले, आणि तेही चिपची कागदपत्रे न पाहता. कोणता संदेश धाडला असता चिप काय उत्तर देते, याचे निरीक्षण करीत तिचे व्याकरण जुळवायचे, असा तो खटाटोप होता. अशा रीतीने लिहिलेला दुभाषा अधूनमधून अडखळला, तर दोष त्याला देण्यापूर्वी शब्दकोश दडवून ठेवणाऱ्याकडेही बोट दाखविले पाहिजे.

किंबहुना मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमच अशा एका प्रसंगात सापडतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेसर प्रिंटर भेट दिला. त्यात कागद अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल करून, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना संदेश जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राचा मूळ प्रोग्रॅमच देण्यात आला नव्हता. तो ज्याच्यापाशी होता, त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकाकडे स्टॉलमन गेले. पण गुप्ततेचे वचन दिल्यामुळे त्याने नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लायनस टॉरवाल्ड्स यांच्या कर्नलने त्या प्रकल्पाला हवा असलेला गाभा मिळाला.

त्यानंतरचा इतिहास हा बंद दारे एकेक करून उघडत गेल्याचा आहे. एएमडीने २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपची तांत्रिक माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले. वाय-फायच्या चिपमुळे वर्षानुवर्षे डोकेदुखी ठरलेल्या ब्रॉडकॉमने २०१० मध्ये आपल्या काही नव्या चिपसाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील एका विद्यापीठात बोलताना टॉरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाचा अत्यंत कडक, किंबहुना असभ्य शब्दांत उद्धार केला. त्याच कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. मात्र हा खुला भाग नव्या पिढीच्या कार्डांपुरता आहे. जुनी कार्डे कंपनीच्या नव्या ड्रायव्हरमधून वगळली जातात, आणि जुने यंत्र वाचवू पाहणाऱ्याला नेमका याचाच फटका बसतो.

हा सारा तपशील तात्त्विक वाटेल. पण अडलेल्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाला त्याचा थेट उपयोग आहे. दोष कोठे आहे हे कळले, की निम्मे काम होते. खोक्यावरचे नाव येथे कामाचे नसते. कारण एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाय-फाय चिप असू शकते. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘एनएन’ हा पर्याय जोडला, की अंगभूत चिपचे क्रमांक समोर येतात. त्यांतील पहिला आकडा निर्मात्याचा असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक. यूएसबीवर जोडलेल्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’ ही निराळी आज्ञा आहे. यानंतर ‘डीएमईएसजी’ या आज्ञेने कर्नलची नोंदवही वाचावी. यंत्र सुरू होताना कोणी हाक दिली नाही, कोणाची फाइल सापडली नाही, हे तेथे सहसा लिहून ठेवलेले असते. विंडोज पुष्कळदा ‘काही तरी चुकले’ एवढेच सांगून थांबते. लिनक्स पुष्कळ बोलते. ते ऐकण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

या नोंदवहीत वारंवार आढळणारी तक्रार फर्मवेअरची असते. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. ड्रायव्हर मुक्त असला, तरी फर्मवेअर बहुधा कंपनीचे व बंद असते. म्हणून डेबियन हे जुने व तत्त्वनिष्ठ वितरण ते आपल्या मुख्य प्रतीत घालत नसे. परिणामी नवख्या माणसाची विचित्र कोंडी होई. वाय-फाय चालण्यासाठी फर्मवेअर हवे, आणि फर्मवेअर आणण्यासाठी वाय-फाय! अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून या नियमाला मुरड घातली आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर मुख्य प्रतीतच येऊ लागले. तत्त्व न सोडताही दारात आलेल्याला आत घ्यावे लागते, याची ही प्रांजळ कबुली होय. अन्यत्र अशी कोंडी झालीच, तर केबलने किंवा मोबाइल फोन यूएसबीला जोडून तेवढ्यापुरते इंटरनेट घेता येते.

दुसरे नेहमीचे अडखळण्याचे स्थान म्हणजे सिक्युअर बूट. हा पहारेकरी सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये शिरू देत नाही. एनव्हिडियासारखा बाहेरचा ड्रायव्हर चढविताना उबुंटू एक पासवर्ड ठरवावयास सांगते, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर त्याची खातरजमा मागते. अनेकजण हा पडदा घाईने ओलांडतात आणि ‘ड्रायव्हर चढविला, तरी चालत नाही’ अशी तक्रार करतात. कर्नल अद्ययावत झाल्यानंतर असा बाहेरचा ड्रायव्हर बंद पडतो, तेव्हाही घाबरण्याचे कारण नसते. सुरुवातीच्या ग्रब यादीत मागील कर्नल बहुधा शाबूत असतो. त्यातून शिरून दुरुस्ती करता येते.

विंडोजशेजारी लिनक्स बसविताना संयम अधिक लागतो. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज बंद केल्यावरही अर्धवट निद्रेत राहते, आणि मग लिनक्सला त्याच्या कप्प्यात लिहिता येत नाही. काही इंटेल यंत्रांत डिस्क रेड पद्धतीने जोडलेली असल्यामुळे ती लिनक्सच्या स्थापकाला दिसतच नाही. तेथे एएचसीआय पद्धत निवडावी लागते. पण विंडोजची पूर्वतयारी न करता ती बदलली, तर विंडोजच उठत नाही. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून घेतलेली बरी. आणि या सर्वांच्या आधी दोन पथ्ये आहेत. कामाच्या फायलींची प्रत निराळ्या डिस्कवर ठेवणे हे पहिले. दुसरे म्हणजे काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहणे. वाय-फाय, आवाज, पडदा, प्रिंटर यांची परीक्षा तेथेच होते.

पॅकेजांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे ज्ञान कोणी दडविलेले नसते, घाई नडते. वितरणाच्या भांडारातील हजारो पॅकेजे परस्परांशी जुळवून ठेवलेली असतात. कोठून तरी सापडलेला बाहेरचा स्रोत त्यात मिसळला, किंवा एका आवृत्तीत दुसरीचा स्रोत घातला, की ही वीण उसवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध तंत्रसमीक्षकाने ‘पॉप ओएस’वर खेळांसाठीचे स्टीम हे पॅकेज चढविताना संपूर्ण डेस्कटॉपच काढून टाकला. भांडारातील त्या पॅकेजात दोष होता, हे निर्विवाद. पण काय काय काढले जाणार याची यादी यंत्राने दाखविली होती, हे धोकादायक आहे असा इशारा दिला होता, आणि ‘होय, मी सांगतो तसेच कर’ अशा अर्थाचे वाक्य टंकून घेतले होते. पुढे एपीटी या साधनातच सुधारणा होऊन असा घात अवघड करण्यात आला. तरीही धडा उरतोच. ‘पुढे’, ‘पुढे’ असे न वाचता दाबत जाण्याचे वळण बोटांना लागलेले असते, आणि जेथे यंत्र खरोखर विचारते तेथे ते वळण महागात पडते. ‘काढली जाणारी पॅकेजे’ ही यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडावे लागेल. गावोगावी पॅकेजे चढत असतानाच वीज जाते आणि काम अर्ध्यावर राहते. प्रणाली मोडली असे समजून ती पुन्हा मुळापासून बसविण्याची गरज बहुधा नसते. डेबियन-उबुंटूच्या घराण्यात ‘डीपीकेजी’ला अपुरी राहिलेली मांडणी पुरी करण्यास सांगता येते, आणि तुटलेली साखळी जोडण्याची आज्ञा एपीटीला देता येते. मात्र एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत टिपून ठेवावा. दहा ठिकाणच्या दहा आज्ञा एकामागून एक चालविणाऱ्याला शेवटी कशामुळे सुधारले आणि कशामुळे बिघडले, याचा पत्ता लागत नाही.

तथापि ही सारी जबाबदारी एकट्या वापरणाऱ्याच्या शिरावर टाकणे अन्यायाचे ठरेल. केरळमधील शाळांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. तेथे शासकीय यंत्रणेनेच शाळांसाठी उबुंटूवर आधारित एक ठरावीक प्रणाली तयार केली, शिक्षकांना शिकविले आणि अडल्यास विचारावे कोणाला, याची व्यवस्था लावली. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. सी-डॅकसारखी संस्था १९८८ पासून पुण्यात आहे. त्या संस्थेने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ हे लिनक्स वितरणही घडविले. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. उणीव आहे ती खरेदीच्या टेबलावर. संगणक, प्रिंटर वा स्कॅनर सार्वजनिक पैशातून घेताना ‘याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये किंवा वितरणाच्या भांडारात आहे काय?’ हा प्रश्न निविदेत घातला गेला पाहिजे. कंपन्यांना विनंतीची भाषा उशिरा समजते. मागणीपत्राची लवकर समजते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत जुळविलेला मराठी मजकूर त्या त्या टंकाच्या संकेतात बंदिस्त झाला, आणि टंक नसेल तेथे आपलीच अक्षरे आपल्याला वाचता येईनाशी झाली. युनिकोडने ही कोंडी फोडली. लिनक्सवर देवनागरी टंक आणि इन्स्क्रिप्ट कळफलक सहज उपलब्ध असतात. मराठी लिहिण्यासाठी निराळा परवाना विकत घ्यावा लागत नाही. संकेत खुला झाला, की अडचण किती झपाट्याने विरते, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

लिनक्स बसविणे नेहमीच सोपे असते, असे सांगणे म्हणजे नवख्याची फसवणूक होय. मात्र मूळ कर्नलमध्येच ड्रायव्हर जमा होत जात असल्याने, नव्याकोऱ्या लॅपटॉपपेक्षा पाच-सात वर्षे वापरलेल्या संगणकावर ते पुष्कळदा अधिक निमूटपणे चालते. म्हणजे २०२५ च्या त्या तारखेने जी यंत्रे बाद ठरविली, त्यांतील पुष्कळ यंत्रे लिनक्सला सर्वांत अनुकूल आहेत. ती भंगारात घालण्यापूर्वी एक पेनड्राइव्ह, एक वही आणि दोन दिवसांचा धीर त्यांच्यासाठी खर्च करावयास काय हरकत आहे? पैसे मोजून घेतलेले यंत्र किती काळ चालावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या मालकाकडेच असला पाहिजे.