धावू इच्छिणारे मूल

वसईजवळच्या निर्मळ गावच्या तळ्याकाठी प्रातःकाळी धावणारी माणसे अथवा वसई-विरारच्या मॅरेथॉनची गर्दी पाहून सहा-सात वर्षांचे मूल ‘मीही धावणार’ असा हट्ट धरू लागले, तर पालकांनी त्याचा उत्साह मोडू नये. मात्र त्यास किलोमीटरांच्या हिशेबात जखडूही नये. २००६ साली ओडिशातील चार वर्षांचा बुधिया सिंग पुरीहून भुवनेश्वरच्या वाटेवर सुमारे ६५ किलोमीटर धावला, तेव्हा कौतुकाबरोबर चिंताही व्यक्त झाली आणि अखेर सरकारने त्याच्या दीर्घ धावांस मनाई केली. बाल्यावस्थेत हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा कोवळ्या असतात, आणि अतिश्रमाने त्यांस इजा पोहोचू शकते. सबब लपंडाव, खो-खो, मऊ मातीवरची छोटी शर्यत, वरचेवर पाणी आणि पाय दुखताच विश्रांती, एवढा दस्तूर पुरेसा आहे.